दीपगृहातली बिजागरी

वाईट गेमवर लिहायला बसले की माझ्या अंगात येतं. चांगल्या गेमबद्दल लिहिताना मी जांभया देते, पण गेम टाकाऊ निघाला की वाक्यं आपणहून रांग लावतात. मी एकटीच खुदुखुदु हसत सुटते आणि बाहेरच्या खोलीतून बाबा विचारतात, "आज कुणाचा बळी?"

त्या मंगळवारी बळी होता दीपगृहाचा. गेम एवढाच, की वरचा दिवा लावायला तेलाचा डबा घेऊन एका मुलीनं वादळात दीपगृहाचा जिना चढायचा. पायऱ्या निसटतात, वारा ढकलतो आणि खालून तिची आजी ओरडते, "थांबलीस का गं? चल, पाय उचल!" हे वाक्य मी मोजून दोनशे चौदा वेळा ऐकलं. मग लिहिलं, 'आजींचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. हातात तेलाचा डबा आहेच, तर आधी तिथे ओतावा.' दहापैकी दोन गुण. बाबांना वाचून दाखवलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. मला आभाळ ठेंगणं झालं.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. माझी परीक्षणं ज्या साइटवर येतात, तिच्या तळाशी संपर्कासाठी माझा नंबर आहे. संपादक शहाणा, त्यानं स्वतःचा दिला नाही.

"बिजागरी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

तो मी झोपेतही ओळखला असता. हसू फुटलं, ते मी कसंबसं दाबलं.

"काकू, तुम्ही..."

"गेम माझ्या मुलानं केलाय, एकट्यानं, चार वर्षं खपून. आवाज मी दिला, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, रस्त्यावरचा गोंगाट येऊ नये म्हणून. तुझं वाचून मी हसले, खोटं कशाला बोलू! पण तो नाही हसला. शनिवारी गेमची दुरुस्ती टाकतोय, त्यात मला काढून टाकणार म्हणतो. मला राहायचंय गं त्यात. सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेय मी!"

"पण काकू, दोनशे चौदा वेळा..."

"कसं शक्य आहे? दहा सेकंद एका जागी उभं राहिलं तरच मी बोलते. तू थांबत होतीस कशाला?"

"चुका लिहून घ्यायला."

गेम थांबवायचं बटण असतं, पण ते दाबलं की पडदा झाकला जातो आणि चूक दिसेनाशी होते. म्हणून मी गेम चालूच ठेवून वहीत लिहिते. वर्षानुवर्षांची सवय.

"म्हणजे पोरीला वादळात उभी करून तू लिहीत बसणार," काकू म्हणाल्या, "आणि आजीनं गप्प राहायचं?"

लाजेनं माझे कान तापले. फोन ठेवून वही कपाटात टाकली आणि गेम पुन्हा पहिल्यापासून खेळले. आजी फक्त तीनदा बोलल्या. तिसऱ्यांदा मी अगदी वर पोचत आले होते, तोच वाऱ्यानं पुन्हा खाली लोटलं आणि मी कंट्रोलर मांडीवर टाकून दिला. "थांबलीस का गं? चल, पाय उचल!" मी खुर्चीतून खरोखरच उठले! दिवा लागला तेव्हा अशी किंचाळले की बाबा धावत आले.

"एकदा दिलेले गुण बदलत नाहीत," गुण वाढवायला फोन केला तर संपादक म्हणाला.

"गुण गेले खड्ड्यात. माझी चूक तरी छाप."

शुक्रवारी सकाळी लिहायला बसले. भिंतीला लावलेला मुलीचा हात आरपार जातो, ही पहिल्या लेखातली तक्रार कायम ठेवली. बाकी सगळा लेख एकाच गोष्टीवर, की दोनशे चौदापैकी दोनशे अकरा वेळा वहीत लिहायला मीच थांबले होते. पुन्हा खुदुखुदु सुरू.

"आज कुणाचा बळी?" बाबांनी विचारलं.

"माझा!"

दुपारीच लेख साइटवर चढला. शनिवारी दुरुस्ती आली. बाराव्या पायरीवर भिंतीला हात लावला, तर तो आरपार गेला नाही. ही सुधारणा टिपायला मी सवयीनं वही काढली आणि लिहिता लिहिता मनात मोजू लागले. दहा सेकंद झाले. वीस झाले. जिन्यात नुसता वारा. काढलंच म्हणायचं काकूंना! मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात खालून तोच गंजलेला आवाज आला, "लिहितेयस का गं? लिही, लिही. झालं की पाय उचल."