चौक उघडाच राहील

मी सोलापुरातली एक जुनी तीन मजली इमारत आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी विड्या वळणाऱ्या अठरा बायकांच्या कुटुंबांनी मिळून सोसायटी काढली. अक्कलकोट रस्त्याच्या कडेला माझा पाया खणला. माझा नकाशा रुद्राणीबाईंचा. त्या नुकत्याच शिकून आलेल्या ओव्हरसियर. पेन्सिल हातात घेण्याआधी त्या आठ दिवस या बायकांच्या खोल्यांत जाऊन बसल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एकच दार आणि खिडकीचं नाव नाही. चौथ्या दिवशी बाईंनाच ठसका लागला.

म्हणून त्यांनी मला अशी घडवली. सिमेंट त्या काळी सरकारी परवान्यावर, म्हणजे परमिटवरच मिळायचं, म्हणून भिंतींना जवळच्या खाणीतला काळा दगड आणि चुना वापरला. प्रत्येक घराच्या बाहेरच्या अंगाला विटांची जाळी आणि आतल्या अंगाला मोकळा चौक. जाळीतून वारा आत येई आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. गच्चीला पांढरा चुना, गच्चीवरचं पाणी जमिनीखालच्या टाक्यात, न्हाणीचं पाणी झाडांना. गरिबाचं घर म्हणजे कोंदटच असणार, हे बाईंना मान्य नव्हतं.

मी दोन मजल्यांची व्हायची होते. दुसऱ्या मजल्याचं काम चाललं असताना आणखी सहा कुटुंबांनी घरं मागितली. त्यांत माजिदा होती. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सात वर्षांची मुलगी मुमताज. तंबाखूच्या धुळीनं ती इतकी खोकायची, की शाळेत अर्धा दिवससुद्धा बसू शकत नसे.

हिंदुराव सोसायटीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता. सभेत ते म्हणाले, "मधल्या चौकाची जागा वाया चाललीया. तितं खाली-वर सहा घरं बसत्यात की, हाय तेवढ्या सिमेंटात!"

"मग बाकीच्या अठरांचा वारा बंद होईल," रुद्राणीबाई म्हणाल्या. "आपण तिसरा मजला चढवू. पाया मी तेवढा घेतलाय."

"आणि अख्ख्या मजल्याच्या छताचं सिमेंट? परमिटाला दोन वर्षं लागतील. तवर ह्या बायांनी काय करायचं?"

हात वर झाले आणि चौक बुजवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धप्पा गवंड्यानं चौकात दोरी ताणली. तेवढ्यात माजिदा आली. मांडीवर सूप घेऊन ती दोरीवरच बसली आणि विड्या वळू लागली. सिद्धप्पानं हिंदुरावांना बोलावून आणलं.

"माजिदा, अगं, तुझ्याच घरासाठी चाललंय हे."

"बिनवाऱ्याची खोली मला नको, अण्णा. तसली तर माझ्याकडं हायच की! आनखी एक कशाला बांधता?"

"दोन वर्षं थांबावं लागंल."

"थांबीन." तिचे हात विड्या वळतच होते. "माझी पोरगी खोकती, ते मी रोज ऐकती. माझ्या घरापायी ह्या अठरा घरांतली पोरं खोकाय लागली, तर मी कुटं तोंड दाखवू?"

हिंदुराव परत गेले. दुपारी घर मागणाऱ्या बाकीच्या पाचजणी आपापली सुपं घेऊन तिच्या शेजारी बसल्या. तिसऱ्या दिवशी सभेत हात वर केलेल्या बायकाही येऊन बसल्या. सिद्धप्पानं दोरी गुंडाळली. "बायांच्या अंगावर भित बांदायचं काम आपलं न्हाय," म्हणाला आणि गच्चीच्या कामाला निघून गेला.

मग हिंदुरावांनीही हट्ट धरला. परमिटासाठी ते दोन वर्षं सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. माजिदा तोवर आपल्या त्याच बिनखिडकीच्या खोलीत राहिली. ती दोन वर्षं सोपी नव्हती, आणि ती मला कधी विसरता येणार नाहीत.

शहात्तर साली माझा तिसरा मजला उभा राहिला. मुमताजचा खोकला अगदी गेला नाही, पण त्या वर्षी ती दिवसभर शाळेत बसू लागली. शेजारच्या कोऱ्या करकरीत सिमेंटच्या इमारतीतली माणसं उन्हाळ्यात दुपारची माझ्या चौकात येऊन टेकायची. मोठे इंजिनियर मला बघायला यायचे, वह्या भरून न्यायचे.

पुढे कौतुक सरलं. कुणी जाळी विटांनी बुजवली, कुणी टाक्यात कचरा टाकला. गच्चीला चुना लागून किती वर्षं झाली, कोण जाणे. आता टेप घेऊन माणसं येतात आणि म्हणतात, ही जुनी झाली, पाडा.

जुनी झाले, हे खरं. निकामी झालेले नाही. माझ्या घरांत वाढणाऱ्या मित्रांनो, तुमच्या घरची जाळी बुजली असेल तर आई-वडिलांच्या मागे लागून ती उघडा. गच्चीला चुना मारा, टाकं उपसा. एवढं केलंत, की माझं मी बघून घेईन.

आणि मला पाडायचा ठराव करणारांनी तो खुशाल करावा. फक्त मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, माझ्या चौकात बसून करावा. येताना पंखा आणू नये.