नाल्याकाठचं घर

“प्रयाग, गोठा खाली कर. नवी बैलजोडी येऊन राह्यली,” उकंडराव पाटील म्हणाले.

शेण भरणारे प्रयागबाईचे हात थांबले. आसेगावच्या पाटलांच्या याच गोठ्यात, पोत्याच्या पडद्याआड तिचा संसार झाला होता. नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तोही इथेच.

“मंग मले नाल्याकाठची पडीक जागा द्या, मालक.”

“थे सराट्याच्या काट्यांची? घे.” पाटील हसले.

दिवसभर कापूस वेचून ती संध्याकाळी गढीजवळची पांढरी माती डोक्यावर आणी, तीत कुटार, म्हणजे भुसा, टाकून पायाने तुडवी. एक थर वाळला की दुसरा. एक भिंत कलली, ती तिने आपल्याच हाताने पाडली आणि पुन्हा उभी केली. तळव्यांच्या भेगांना जवसाचं तेल चोळून सकाळी परत शेतात.

छपराचं लाकूड मात्र तिच्या ऐपतीतलं नव्हतं. तिने बोलावल्यावरून गावच्या वहाब सुताराने येऊन भिंतीला खांदा लावून पाहिला.

“कोनं बांधली?”

“म्या.”

दुसऱ्या दिवशी तो मोडक्या बैलगाडीची लाकडं घेऊन आला. बदल्यात त्याचं घर लिंपून द्यायचं ठरलं. छप्पर चढलं, दाराला बांबूचा तट्ट्या लागला. त्या दुपारी प्रयागबाई आत नुसती बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला ऊठ म्हणणार नव्हतं.

वैशाखात वहाबच्या गल्लीला आग लागली. गवती छपरं बघता बघता बसली. त्याची बायको हुस्नाबानो दिवस भरलेली. निंबाखाली गाठोडं कवटाळून बसली होती. प्रयागबाईने तिचा हात धरला.

“चाल, माय.”

“अवं, मुसलमानाची बाई घरात घेतं काय?” शेजारीण म्हणाली.

“मंग तिनं झाडाखाली बाळंत व्हावं काय?”

त्या रात्री प्रयागबाईच्या त्या एकाच खोलीत मुलगी झाली. प्रयागबाईनेच तिला न्हाऊ घातलं. सकाळी वहाब आला, तर प्रयागबाई बाहेर उघड्यावर गोधडीची घडी करत होती.

“बाई, तुमी बाहीर काहून निजल्या?”

“आतमंदी उकडते मले,” ती म्हणाली, आणि तट्ट्या हळूच ओढून घेऊन अंगण झाडायला लागली.