तळाशी बसलेली पावडर

प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांनी लॅमिनेट करून लावलेला नियम होता: ‘सर्व काही विरघळल्याशिवाय पुढे जाऊ नये.’ लग्नाच्या शुभेच्छापत्रातही सर हेच लिहितात, अशी वदंता होती.

वकीलबाई मात्र मुद्दाम न विरघळवता पुढे गेली होती. हे नाव सरांनीच ठेवलेलं, कारण पाच वर्षांत ही विद्यार्थिनी एकदाही मुकाट ‘हो सर’ म्हणाली नव्हती. तिला एका रेणूवर फ्लोरीन बसवायचा होता, तोही एकाच बाजूने. उलट्या बाजूने बसला की आरशातलं जुळं तयार होई, दिसायला तेच आणि औषध म्हणून बिनकामाचं. फ्लोरीन देणारी पांढरी पावडर टोल्युइन या द्रावकात विरघळत नव्हती, आणि तिचा सगळा डाव त्यावरच उभा होता. तिचा उत्प्रेरक हमालासारखा तळातून कण कण उचलून आणायचा, आणि हमाल असा हट्टी की माल एकाच दाराने आत न्यायचा. शंभरातले शहाण्णव रेणू हव्या त्या बाजूचे.

सरांनी स्वतः करून पाहिलं. पन्नास-पन्नास आलं.

"प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाक. तुझे शहाण्णव म्हणजे नशीब."

"काढणार नाही, सर."

"मग प्रबंधावर माझी सही नाही."

"चालेल. पण एकदा माझ्यासमोर करा. शेजारी मी करते."

"अगं, तीस वर्षं करतोय मी."

"म्हणून तर बघायचंय."

दोन फ्लास्क शेजारी शेजारी ढवळू लागले. सरांना तळाची पावडर दिसली, कपाळाला आठी पडली आणि हात सवयीने ॲसिटोनायट्राइल या दुसऱ्या, सगळं विरघळवणाऱ्या द्रावकाच्या बाटलीकडे गेला. त्यांनी चांगलं घोटभर ओतलं. पावडर गुमान विरघळली.

"हे काय केलंत?"

"काय केलं? विरघळवलं."

"वहीत लिहिलं होतंत मागच्या वेळी?"

"श्वास घेतो ते लिहितो का आपण?"

"सर, पावडर आता स्वतःच्या पायांनी निघाली. हमालाला कोण विचारतंय? दिसेल त्या दाराने घुसणार."

दुसऱ्या दिवशी यंत्राने आलेख काढले, दर बाजूच्या रेणूंचा एक सुळका. सरांचे दोन सुळके, अगदी सारख्या उंचीचे. तिचा एक डोंगर आणि शेजारी मुंग्यांचं वारूळ. सरांनी आपला कागद उलटा धरून पाहिला. काही सुधारणा झाली नाही.

"नियम बरोबरच आहे," ते म्हणाले. "तुझी पावडर उद्धट आहे."

"उद्धट आहे म्हणून कामाची आहे. सही करताय ना?"

सरांनी सही केली. तिने मार्कर उचलून नियमाखाली लिहिलं: ‘ही पावडर सोडून.’

"पूस ते."

"नाही, सर."

सरांनी भिंतीजवळ जाऊन तिची ओळ वाचली.

"मग निदान अक्षर तरी नीट काढ. लॅमिनेट करायचंय."