राणीने जाळलेल्या याद्या

मालिकेचा शेवटचा भाग सोमवारी संध्याकाळी झाला, आणि मंगळवारी सकाळी डिम्प्ना मॅकॉलेच्या बेकरीत पाव घ्यायला आलेली माणसं पाव विसरून भांडायला लागली.

उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या किनाऱ्यावरचं ते गाव त्या मालिकेला घरचंच कार्य समजत होतं. गावामागच्या दगडाच्या खाणीत आठ वर्षं तिचं चित्रीकरण चाललं होतं. गोणपाटाचा झगा चढवून गर्दीत उभं राहिलेलं माणूस नाही असं घर शोधून सापडलं नसतं. त्यामुळे शेवट कसा झाला हा प्रश्न तिथे करमणुकीचा उरलाच नव्हता.

शेवट असा होता. शंभर वर्षं एकमेकांचे गळे कापणारी दोन घराणी, आणि कुणी कुणाला मारलं याच्या दोघांनीही जपलेल्या याद्या. तरुण राणी एल्वारा त्या सगळ्या याद्या एका लाकडी पेटीत घालते, पेटी पेटवते आणि म्हणते, "आजपासून कुणी कुणाला काही विचारायचं नाही." प्रजा जल्लोष करते, आणि खेळ खलास.

"शहाणी पोर," पोस्टमन ह्यूगो म्हणाला. "नाहीतर काय, आणखी शंभर वर्षं मढी मोजत बसायची?"

"आणि ज्यांची माणसं गेली त्यांचं काय?" डिम्प्नाने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं. "त्यांना विचारलं का तुझ्या शहाण्या पोरीने?"

"विचारत बसली असती तर अजून चार भाग लागले असते!"

सगळे हसले. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला विल्बर्ट मात्र हसला नाही. "राणीचं बरोबर आहे," तो कपात बघत म्हणाला. "मागचं उकरून कुणाचं भलं झालंय?"

"बघ! आणि डिम्प्ना, तू कशाला बोलतेस गं?" ह्यूगोला चेव चढला. "जल्लोषात सगळ्यांत पुढे तूच होतीस की. बत्तिशी दिसत होती पडदाभर!"

हे खरं होतं, आणि तेच तिला रात्रभर टोचत होतं. गोष्ट फुटू नये म्हणून गर्दीतल्या लोकांना काडीचंही सांगत नसत. हात वर करा आणि आनंदाने ओरडा, एवढाच हुकूम. डिम्प्ना अकरा वेळा ओरडली होती, घसा बसेपर्यंत. आपण कशासाठी ओरडलो ते तिला काल कळलं. पहिल्यापासून माहीत असतं तर तिने तोंड शिवून घेतलं असतं.

कारण तिचा भाऊ मॅलकी अशाच एका यादीतला होता. पंचाहत्तर साली, तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना मारत होते त्या दिवसांत, एकोणिसाव्या वर्षी, संध्याकाळी कामावरून परतताना त्याला कुणीतरी गाडीत घातलं आणि तिसऱ्या दिवशी तो दलदलीच्या कडेला मेलेला सापडला. कुणी नेलं ते कधीच कळलं नाही. आई उत्तराची वाट बघत गेली. आता वाट बघणारी डिम्प्ना एकटीच उरली होती. त्या गावात माणूस कोणत्या चर्चचा ते नावावरून कळतं, आणि एकदा कळलं की त्यापुढचं कुणी बोलत नाही. हवापाण्यावर मात्र तासन् तास बोलतात.

गिऱ्हाईक पांगलं. विल्बर्ट उठला नाही. तो सुतार, सदुसष्ट वर्षांचा, आणि दुसऱ्या चर्चचा. तरुणपणी अर्धवेळ सैनिक होता हे गावाला ठाऊक होतं, पण तेही कुणी बोलत नसे. गेली वीस वर्षं तो रोज सकाळी तिथे चहा घेई, तिच्या खिडक्या-दारं दुरुस्त करी आणि मजुरीचं नाव काढलं की कानावर हात ठेवी.

"काल पडद्यावर माझ्या शेजारी तू होतास," डिम्प्ना त्याच्यासमोर बसली. "मी गाढवासारखी ओरडतेय आणि तुझं तोंड बंद."

"घसा धरला होता."

"अकराही वेळा?"

विल्बर्ट म्हणाला, "पेटी मीच केली होती. आत काय जाळणार, ते मला माहीत होतं."

"मग ओरडायचंस की आनंदाने! राणीचं बरोबर आहे म्हणतोस ना?"

"बरोबर आहे असं मी रोज स्वतःला सांगतो, डिम्प्ना. पटत नाही." त्याने कप बाजूला सारला. "त्या संध्याकाळी पुलापाशी लष्कराच्या नाक्यावर मी पहाऱ्याला होतो. गाडी मीच अडवली. आत तिघं होते आणि तुझा भाऊ. चालवणाऱ्याला मी ओळखत होतो. आमच्याच चर्चचा, रविवारी माझ्यापुढच्या बाकावर बसणारा. तो म्हणाला, पोराला घरी सोडतोय. मी म्हटलं, जा."

चव्वेचाळीस वर्षं डिम्प्ना जे मागत होती ते तिच्याच टेबलाशी, रोज दोन फुटांवर बसून चहा पीत होतं.

"नाव?"

"एडगर गॉल्ट. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन."

"माहीत आहे मला. त्याच्या मयताला मी गेले होते. शेजारधर्म म्हणून सँडविचं नेली होती, अंडं-कांद्याची. दारात ताट तू घेतलंस माझ्या हातून."

"हो," विल्बर्ट म्हणाला. "मीच घेतलं."

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि त्याला उठून जाऊ देऊ नये असंही वाटलं. दुसरं जास्त वाटलं. तिने जाऊन दुकानाचं दार आतून लावलं आणि परत समोर बसली.

"उद्या दहाला माझ्याबरोबर पोलिसांत यायचं. हे सगळं तिथे सांगायचं."

"येतो. पण आता ते काही करतील असं..."

"करोत न करोत. कागदावर येऊ दे." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आणि मला आत्ता पहिल्यापासून सांग. तो कुठे बसला होता?"

"मागे. दोघांच्या मधे."

"बोलला काही?"

"नाही. माझ्याकडे बघत होता. मी सोडवीन असं वाटलं असेल त्याला."

"अंगात कोट होता का रे?"

विल्बर्टने डोळे मिटले. म्हणाला, "नव्हता. नुसता शर्ट."

"थंडी होती त्या दिवशी," डिम्प्ना म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर तरी रडली.