अप्पांची तयार समाधी

डॉक्टर अप्पांना म्हणाले, आता गोड खायला हरकत नाही. अप्पांना वीस-पंचवीस वर्षांची साखर होती, त्यामुळे याचा अर्थ आम्हा सगळ्यांना लगेच कळला. त्या संध्याकाळी अप्पांनी आयुष्यातली पहिली मागणी केली. "मला गावाकडं ठेवा. रानात, अव्वाच्या शेजारी."

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की पुरतात, आणि रान असेल तर रानातच. अडचण एवढीच, की ते गाव, ते रान आणि ती अव्वा, म्हणजे माझी आजी गुरम्मा, यांतलं मी काहीच पाहिलं नव्हतं. अप्पा तरुणपणी अक्कलकोटकडून सोलापुरात यंत्रमागावर आले, त्याच कारखान्यातल्या एका परजातीच्या, पद्मशाली मुलीशी लग्न केलं आणि परत गेले नाहीत. ती मुलगी म्हणजे माझी आई. ती म्हणाली, "जन्मभर माझ्या हातचं खाल्लं, आता सासूकडं निघाले," आणि भाकरी थापायला गेली.

रानात जागा मागायची तर रानाशी नातं दाखवायला हवं, म्हणून मी तलाठ्यांकडं गेलो. त्यांनी जुना फेरफार काढला.

"चनबसप्पा. मयत, निर्वंश. तुम्ही कोण?"

"त्यांचा मुलगा."

"निर्वंश माणसाचा?"

"हो."

"आणि मयत कधी झाले?"

"अजून नाही. पण डॉक्टर आशा देतात."

तलाठ्यांनी चष्मा काढला. "आधी घरात एक काहीतरी ठरवा, मग या."

घरी सांगितलं तर अप्पांना नवल वाटलं नाही. "थोरल्या अण्णानं केलं असणार. जमिनीपायी." मग म्हणाले, "अव्वाला माहीत नसणार. तिनं करू दिलं नसतं." हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही.

आम्ही वेळ अमावास्येला गेलो. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला असतं. साक्षीदार एका जागी मिळतील आणि जेवणही सुटणार नाही, असा माझा विचार होता. अप्पांचे थोरले भाऊ मडिवाळप्पा, माझे दोड्डप्पा, कडब्याच्या कोपीपुढं पंगतीत जेवत होते. त्यांनी हात तसाच ताटात ठेवला.

"तम्मा? धाकल्या?"

"व्हय अण्णा."

"जित्ता हाईस?"

"सध्या तरी."

"मग बस. भज्जी गरम हाय."

पंगतीत अप्पांना सगळ्यांनी ओळखलं. एका म्हातारीनं नाक गुरम्माचं असल्याचं सांगितलं. दुसऱ्या एकानं ते लहानपणी कुठल्या विहिरीत पडले होते तीसुद्धा दाखवली. ओळखीला कुणीच कमी पडलं नाही. फक्त त्यांना जिवंत धरायला कुणी तयार नव्हतं.

कारण बांधावर दोन समाध्या होत्या. एक गुरम्माची. दुसरीवर चनबसप्पा असं नाव, आणि पुढं बाजरीचे उंडे, भज्जीची मिसळ भाजी, आंबील असा ताजा नैवेद्य. अप्पांनी स्वतःचं नाव सावकाश वाचलं.

"आत काय हाय?"

"तुझा कोट," दोड्डप्पा म्हणाले. "लग्नासाठी शिवल्याला."

"तरी म्हणलं, गेला कुटं."

तेवढ्यात येडू हेळवी आला. हेळवी म्हणजे घराघराची वंशावळ तोंडपाठ असणारा माणूस. सुगीच्या दिवसांत दारात येतो, सगळ्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवी नावं जोडतो आणि जोंधळे घेऊन जातो. पूर्वी हे लोक बैलावर यायचे. येडू मोटारसायकलवर येतो, पण हँडलला बैलाची घंटा बांधून. गावात तलाठी बदलतात, हेळवी बदलत नाही.

"येडू, आमचं घर म्हण," अप्पा म्हणाले.

येडूनं डोळे मिटले. श्रीशैलच्या कुठल्याशा मूळपुरुषापासून सुरुवात करून तो घसरत घसरत आमच्यापर्यंत आला. "…गुरम्माच्या पोटी दोन. थोरला मडिवाळप्पा. धाकला चनबसप्पा, तरणाताठा गेला, वेल खुंटला."

"हे तुला सांगितलं कुणी?" अप्पांनी विचारलं. बघत मात्र भावाकडं होते.

"मी तवा बापाबरुबर यायचो," येडू म्हणाला. "गुरम्माक्कांनीच. सूप भरून जोंधळे घातले आन म्हणल्या, धाकल्याचा वेल हितंच खुंटव."

दोड्डप्पांनी ताट बाजूला सारलं.

"मी म्हणलं हुतं तिला, ऱ्हाऊ दे, लगीनच केलंय की, ईल कवातरी," दोड्डप्पा म्हणाले. "तिनं पेटीतनं कोट काढून दिला. मग पुढं तलाठ्याला मीबी तेच सांगितलं. हेळव्यानं म्हणल्यावर कोण इचारतंय."

मी येडूला म्हणालो, "आता दुरुस्त करा की. अप्पा समोर बसलेत, उंडा खातायत."

"ज्यानं जोंधळे घातले त्यानंच शब्द फिरवायचा, अशी आमची रीत हाय. गुरम्माक्का असत्या तर लगेच फिरवला असता."

"बरं, मग निदान माझं नाव जोडा."

"कुणाखाली जोडू, बाळा? मेल्यावर पोरं हुईत न्हाईत."

दोड्डप्पांनी मात्र मार्ग काढला. "तम्मा, जागा तर हायच. नावबी हाय. वेळ आली की गाजावाजा न करता घेऊन या. फकस्त नवी तारीख घालू नगा." ते हे मनापासून म्हणाले. वाईट माणूस नाही तो.

अप्पा उठून आपल्या समाधीपाशी गेले. तिच्यापुढचा उंडा उचलून खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाले, आणि एसटी स्टँडकडं चालायला लागले.

गाडीत त्यांनी खिडकीकडं बघत सांगितलं, "मला सोलापुरातच ठेव."

"का? जागा देतायत की."

"तितं तिचा चनबसप्पा हाय आधीच. तिच्या मनासारखा."

शिवरात्रीच्या आधी अप्पा गेले. शहरातल्या रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, जागा मिळाली, एका अनोळखी देशमाने कुटुंबाच्या पायथ्याशी. आई तिथंही म्हणाली, "तरी माझ्याजवळ नाहीच. आमच्या लोकांची जागा वेगळी." दोड्डप्पा गावाहून आले, मूठभर माती घातली, रडलेही. फाटकापाशी चपला शोधता शोधता त्यांनी हळूच विचारलं, "दाखल्यावर तारीख कुठली घालणार?"

"कालची."

"ती सोलापुरातच ऱ्हाईल न्हवं?"

"राहील."

"मग बरं," म्हणाले. चपला सापडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं अप्पांचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "मयताच्या आईचं नाव?"

"गुरम्मा."

"हयात?"

"नाही. आधीच गेली."

"तेवढं तरी बरं," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पोराचं मरण बघावं लागलं नाही."

"बघितलं तिनं," मी म्हणालो. "कोटही तिनंच काढून दिला होता."

हे कुठल्या रकान्यात बसतं का, ते त्यानं क्षणभर पाहिलं. बसत नव्हतं. त्यानं शिक्का मारला.