अर्जेंटिनाला निघालेला मोर

विणलेल्या मोराच्या मानेवर बांबूचा एक तंतू सुटला होता. आफ्रीन तो नखाने आत दाबत होती, तो पुन्हा सुटत होता, ती पुन्हा दाबत होती — लॅपटॉपकडे बघायचं टाळण्यासाठीच. पडद्यावर मघापासून एकच ओळ थांबली होती : पैसे वाटेत आहेत. वाटेत म्हणजे अर्जेंटिना आणि भद्रावती यांच्या मध्ये कुठेतरी... तिथल्या एका बाईला हा मोर हवा होता, तिचं कार्ड माझ्या ऑनलाइन दुकानात चालेना, तिने विचारलं, क्रिप्टो घेता का? आणि मी लगेच 'हो' लिहून मोकळी झाले — पुण्याची नोकरी सोडून येतानाही असंच, आधी हो, विचार नंतर.

त्या 'हो'पायी दोन आठवडे जुळवाजुळवीत गेले. गिऱ्हाइकाने क्रिप्टोचं डिजिटल नाणं पाठवायचं, मधल्या कंपनीने त्याचे लगेच रुपये करायचे, ते भामरागडच्या बांबूकाम करणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या खात्यात जायचे, आणि दुकानाने आपोआप म्हणायचं, पैसे मिळाले. अब्बूंना मात्र तिने 'परदेशी पैशांची सोय' एवढंच सांगितलं होतं. अब्बू, म्हणजे नूर मोहम्मद घड्याळवाले. त्यांच्याच दुकानात मागच्या टेबलावर तिचं हे सगळं चालायचं. त्यांच्या एका दोस्ताची निवृत्तीची पुंजी असल्याच कुठल्याशा नाण्याच्या योजनेत बुडाली होती, तेव्हापासून 'क्रिप्टो' हा शब्द घरात शिवीसारखा...

फोन वाजला. मोर विणणारी सुकरी, भामरागडहून.

"ताई, मोर निघाला का?"

"निघन आता. अर्जेंटिनाले."

"तिथी बांबू नाई का वं?"

आफ्रीन हसली, आणि हसता हसता नजर पडद्यावर गेली. ओळ बदलली होती : रक्कम कमी. ऑर्डर अपूर्ण. ग्राहकाला कळवलं आहे.

कमी?... अगदी नखाएवढी. पाठवण्याचं शुल्क त्या बाईच्या रकमेतूनच कापलं गेलं असणार. आणि दुकानाला सांगून ठेवलं होतं कोणी? मीच — रक्कम तंतोतंत हवी, कणभरही कमी चालणार नाही. किती ऐटीत लिहिली होती ती अट, जणू फसवणाऱ्या साऱ्या जगाला दारातच अडवणार होते...

"काय झालं?" पुढून अब्बूंनी विचारलं.

"क्रिप्टोचे पैसे कमी आले," ती बोलून गेली.

अब्बूंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "माह्या दोस्ताले बुडवलं, तेच?"

"तेच. पण आपण ते ठेवत नाई, अब्बू. आलं की रुपये होतात."

ते मोराकडे बघत राहिले. ती ओरडा खायला तयार होऊन बसली.

"त्या बाईनं पैसे पाठवले ना?"

"हो. पाठवायचं शुल्क कटलं, म्हणून कमी पडले."

"अन् तुह्या दुकानानं तिले सांगतलं, पुरे नाई म्हणून." ते एकदम हसायलाच लागले. "मंग तिच्या घरचे काय म्हणत असतीन? भद्रावतीच्या लोकाईनं लुटलं तुले!"

आफ्रीनलाही हसू आवरेना. फोनवर सुकरी, काही न कळताच, हसत होती.

अट बदलायला वेळ लागला नाही : थोडी कमी असेल तर चालेल. थोडी म्हणजे किती, तिथे मात्र बोटं रेंगाळली — कुठवर विश्वास ठेवायचा, हे यंत्राला आकड्यातच सांगावं लागतं... तिने एक आकडा टाकला, पुसला, जरा मोठा टाकला. ऑर्डर हिरवी झाली.

अब्बू पुन्हा भिंग लावून वाकले होते. ते राजी आहेत की जेवताना विषय पुन्हा निघणार, त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. तिने त्या बाईला लिहायला घेतलं. तिथे आत्ता सकाळ असेल... फोन उचलून परत परत बघत असेल ती, मनाशी म्हणत असेल, हे लोक खरे तरी असतील का? आणि इतके दिवस मला वाटत होतं, शंका फक्त आपणच घ्यायची असते. 'पैसे मिळाले,' तिने लिहिलं आणि थांबली. एवढंच पुरे नव्हतं, अजून काहीतरी लिहायचं होतं — काय ते सुचत नव्हतं, आणि आधी 'हो' म्हणून मोकळं होणाऱ्या तिला ते थांबून शोधणंही आज फार आवडत होतं...