सुई-दोऱ्याची परीक्षा

शिंप्याने हनुवटी यंत्रावर टेकवली, बटणावर अंगठा ठेवला आणि मधल्या खुणेकडे डोळा रोखला. कडेला कुठेही उजेड लुकलुकला की दाबायचं, एवढंच काम.

सुरुवातीला चार-दोन ठिपके दिसले. मग नुसती वाट बघणं. यंत्र आतल्या आत कुरकुरत होतं.

"पोरी, पुढचं सुरू कर की," तो म्हणाला.

"संपलं, काका," तपासणारी मुलगी हळू आवाजात म्हणाली.

शेजारच्या खोलीत डॉक्टरबाईंनी टेबलावर ठेवलेला तपासणीचा कागद जवळजवळ काळाच होता; जिथलं दिसलं नाही, ती जागा काळी. "काचबिंदू. कडेची नजर गेली आहे. गेली ती परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची. याआधी डोळे कधी तपासले होते?"

कधी म्हणजे? दरवर्षी! वाढदिवसाला रस्त्यावर घेतलेला चष्मा नाकावर चढवायचा, डबीतली सगळ्यात बारीक सुई घ्यायची. एका झटक्यात दोरा ओवला गेला की डोळे ठणठणीत. डॉक्टर कशाला हवा? दोन वर्षं दुकानात स्टुलाला ठेचकाळत होता, इस्त्रीवर हात भाजून घेत होता, पण खापर मात्र लेकीवर. वस्तू जागेवर ठेवायला शीक म्हणून बिचारीला रोज बोलणी.

त्याने कॉलरला टोचलेली सुई काढली, खिशातला दोरा काढला. दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला.

"हे बघा," तो म्हणाला. "बघा ना, बाई. मला अजून दहा वर्षं तरी शिवायचंय."

"मधली नजर सगळ्यात शेवटी जाते हो. म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही."

आयुष्यभर ज्या सुईवर विश्वास टाकला तिनेच गळा कापला होता. भर खोलीत तो लहान मुलासारखा रडला. सोबत आलेली लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रक्ताच्या नात्यात हा आजार असू शकतो," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. "ताई, तुमचेही डोळे आजच तपासून टाकू."

"मला काय धाड भरलीय?" तिने डोळे पुसले. गेल्याच वर्षी तिने चाळिशी ओलांडली होती. बापाच्या बोटांतली सुई घेतली, दोरा उपसला, टोक दातांनी तोडलं आणि एका झटक्यात पुन्हा ओवला. "हे बघा. बाबांचं आटपू आधी."

शिंपी तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा दिसत होता, तेवढाच दिसत होता. त्याने हात पुढे करून सुई काढून घेतली आणि कॉलरला टोचून टाकली. मग उठून भिंत चाचपत बाजूच्या खोलीत गेला. यंत्रापुढची खुर्ची हाताला लागायला जरा वेळ लागला.

"ये," खुर्चीची पाठ घट्ट धरून तो लेकीला म्हणाला. "बस इथे."